हीलरने कुऱ्हाड घेतली

चार वर्षं मी लोकांच्या जखमा भरल्या आणि मला त्याचा मनापासून वीट आला होता. खऱ्या जखमा नव्हेत. रविवारी दुपारी बंगळुरूच्या कोरमंगलातल्या एका मित्राच्या फ्लॅटवर आम्ही चौघं फासे टाकून गोष्टीचा खेळ खेळतो. तो मित्र गेम मास्टर, म्हणजे लुटारू, राक्षस, सगळं जग त्याचं. माझा नवरा लढवय्या, मित्राचा रूममेट चोर आणि मी हीलर. प्रत्येकाचा क्लास ठरलेला. लढवय्याने कापायचं, चोराने सुरा खुपसायचा आणि हीलरने मंत्र म्हणत या दोघांना जिवंत ठेवायचं.

हीलर काही मी निवडला नव्हता. पहिल्याच दिवशी दोघांनी आपापलं पटकावलं आणि उरलेलं माझ्या गळ्यात मारलं. "कुणीतरी करायलाच हवं ना," असं म्हणताना दोघंही माझ्याकडेच बघत होते. घरच्या पंगतीत वाढायला कोण उठणार हे जसं कुणी विचारत नाही, तसं.

मी स्वभावाने मुळीच शांत नाही. आउटर रिंग रोडवर कुणी कट मारला तर काच खाली करून मी जे बोलते ते माझ्या आईने ऐकलं तर ती माझं नाव टाकेल. आठवडाभर ऑफिसात राग गिळायचा आणि रविवारी पुन्हा मलमपट्टी! एकदा तरी कुणाचं डोकं फोडायला मिळावं, एवढीच माझी इच्छा होती.

मग गेम मास्टरने नवा नियम आणला. "आजपासून क्लासची सक्ती नाही. क्लास म्हणजे नुसता साचा. हवा तर घ्या, नको तर सोडा. सगळ्यांना सारखे पॉइंट, त्यातून वाटेल ते घ्या. लढवय्यालाही मंत्र घेता येतील आणि हीलरलाही हत्यार."

नवऱ्याने जुनाच साचा उचलला आणि वर ताकद वाढवून घेतली. चोराने दुसरा सुरा घेतला. मी सगळे पॉइंट एका कुऱ्हाडीवर ओतले, मंत्र एकही ठेवला नाही. मी लपवलं नव्हतं, माझ्या पात्राचा कागद समोरच पडला होता. पण तो बघायची गरज कुणालाच वाटली नाही.

लुटारूंनी आम्हाला एका अरुंद घाटात गाठलं. वीस बाजूंच्या फाशावर माझं पहिलंच दान वीस पडलं, म्हणजे त्याहून मोठा वार नाही.

"कुठे मारतेस?" गेम मास्टरने विचारलं.

"मानेवर."

मुंडकं दगडांवरून घरंगळत गेलं. दुसऱ्याचा जबडा फोडला, तिसऱ्याचा हात खांद्यापासून उतरवला. गेम मास्टर हाड मोडल्याचा आवाज तोंडाने काढून दाखवत होता आणि मी खुर्चीवरून उठून ओरडत होते, "मार! फोड त्याला!" इतक्यात बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या अक्का दारात उभ्या होत्या.

"कौन किसको मारता है? स्वल्प धीरे!"

"सरी अक्का, सरी," असं कन्नडमध्ये बरं बरं म्हणत मी दार लावलं आणि आल्या आल्या चौथ्याचा गुडघा तोडला. इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

नवरा नेहमीसारखा ढाल न उचलताच गर्दीत घुसला होता. लुटारूंच्या सरदाराने त्याच्या पोटात भाला घातला आणि आतल्या आत फिरवला.

"हील," नवरा म्हणाला. माझ्याकडे न बघताच म्हणाला, चहा मागावा तितक्या सहज.

"माझ्याकडे हील नाही."

आता त्याने बघितलं. "काय करून राहिली तू? कुऱ्हाड घेतली ते ठीक आहे, पण एखादा मंत्र तर ठेवायचा!"

"तू का नाही ठेवलास? पॉइंट तुलाही होते."

"मला वाटलं ती घेईलच," चोर पुटपुटला. तिघांनाही तसंच वाटलं होतं.

गेम मास्टर विरघळला. "साचा कधीही घेता येतो. तू आत्ता परत हीलर झालीस तरी मी चालवून घेईन. मंत्र म्हण, तो उठेल."

खोटं कशाला बोलू, मला मोह झाला. त्या लढवय्याचं चित्र नवऱ्याने ऑफिसच्या टेबलावर लावलं होतं, इतका त्याचा जीव होता त्याच्यात. खोडरबर माझ्या हाताशीच होतं. पण आज एकदा खोडलं की पुढे दर रविवारी खोडावं लागेल, हेही मला लख्ख दिसत होतं.

"माझी पाळी आहे ना?" मी म्हणाले. "मी सरदारावर जाते."

कुऱ्हाड गळ्याच्या हाडातून छातीपर्यंत उतरली. सरदार पाय झाडत मेला. मेजाभोवती कुणी जल्लोष केला नाही.

आमच्याकडे एक रीत आहे. ज्याचं पात्र मरतं त्यानेच त्याचं मरण सांगायचं. नवरा असल्या वेळी भाषण ठोकतो. आज त्याने आपला कागद जवळ ओढला.

"मी घाटात पडलोय," तो म्हणाला. "आतडी हातात धरलीत. सवयीने मागे वळून तिला शोधतो. मागे कुणीच नाही. मग पुढे बघतो, तर ती तिथे आहे, कोपरापर्यंत रक्ताने माखलेली. चार वर्षं तिने माझी पाठ बघितली. तिची पाठ मी आज पहिल्यांदा बघतोय. मी हाक मारत नाही. मरतो."

मला रडू फुटलं. वाईट वाटून आणि आनंदानेही, दोन्ही एकदमच. त्याने आपला कागद पालथा घातला आणि फासा उचलून माझ्या तळहातावर ठेवला.

"अजून दोघं उरलेत," तो म्हणाला. "काप."