भाऊजींचा ठसका

आधीच सांगते, नजर, करणी, भानामती यातल्या कशावरही माझा विश्वास नव्हता. नुसता नव्हता असं नाही, मी त्यावर भाषणं द्यायचे. शेजारीण नातवाची दृष्ट काढायला बसली की मी दारात हजर... "अहो, मिरची जळली की ठसका लागतो, यात नजर कुठून आली?" बाई मुकाट्याने दार लावून घ्यायची आणि मला वाटायचं, पटलं वाटतं हिला. अशी मी शहाणी. माझी नात म्हणते, "आजी, तू तेव्हा फार बोअर होतीस ना?" होते गं बाई.

तर, घाटकोपर पश्चिमेला, भटवाडीच्या चढावर आमचा मसाला कांडपाचा गाळा आहे. उन्हाळ्यात बायका मिरच्या, धणे, गरम मसाला भाजून आणतात आणि समोर उभ्या राहून डंकावर कुटून घेतात. गाळा सासऱ्यांनी घेतलेला. आमचे हे गेल्यावर त्यावर दोन नावं उरली – माझं आणि धाकट्या दिराचं, सुधाकरभाऊजींचं. चालवायचे मी. विकायचा होता त्यांना. मी सही देत नव्हते.

अशात काही वर्षांपूर्वी संक्रांतीनंतर माझ्या डाव्या स्तनात गाठ लागली. कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, ती बाजू गेली, आणि केमो सुरू झाली ती ऐन मसाल्याच्या सीझनला. डोक्यावर केस नाहीत, तोंडाला चव नाही, नाकाला वास नाही. डॉक्टरांनी पूड नाकात जाऊ द्यायची नाही म्हणून बजावलेलं. मग डंक सांभाळायची शकू – आमच्याकडे वर्षानुवर्षं कामाला असलेली मालवणची बाई – आणि मी स्कार्फ बांधून बाहेर खुर्ची टाकून बसायचे. औषधपाणी त्याच गाळ्याच्या कमाईवर चाललं होतं.

एक दिवस एक जुनी गिऱ्हाईक पिशवी पोटाशी धरून उभी. आत जाईना.

"काय झालं?"

"नाही... तुमचा हात नाही ना लागत मसाल्याला?"

"का हो?"

"तुमचे दीर म्हणत होते, असलं दुखणं मसाल्यातून घरच्यांच्या पोटात जातं."

मग कळलं, भाऊजी सगळ्या चाळींतून हेच सांगत फिरत होते. गिऱ्हाईक तुटलं की गाळा बंद, गाळा बंद की मी सही देणार, असा हिशेब. तोवर मला मरायची भीती वाटायची. त्या दिवशी ती मागे पडली. राग असा आला की सकाळपासूनची मळमळ थांबली.

शकू म्हणाली, "काकी, दृष्ट काढतंय तुमची. गप ऱ्हवा आता."

मी हसले, पण भांडायला अंगात जोर नव्हता. तिने मूठभर लवंगी मिरच्या, मीठ, मोहरी माझ्यावरून उतरवली आणि गाळ्यातल्या शेगडीवर टाकली. मिरच्या काळ्या पडल्या, धूर झाला. मला काहीच वाटलं नाही. म्हटलं, माझं नाक मेलंय. पण शकूही नुसती बघत राहिली.

"ठसको इलो नाय, काकी. लय वाईट नजर आसा. कोणाची ती मनात आणा."

"मनात कशाला, नाव घेऊन सांगते," मी म्हटलं. "सुधाकरभाऊजींची. जा म्हणावं, त्यांच्याच घशात जाऊन बस."

चेष्टा केली, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी भाऊजी आले आणि गिऱ्हाइकांच्या घोळक्यात सुरू झाले, "आमच्या वहिनींचं दुखणं म्हणजे..." आणि त्यांना ठसका लागला. डोळ्यांतून पाणी, चेहरा लाल. मसाल्याच्या गाळ्यात ठसका लागायचाच, म्हणून मी सोडून दिलं.

पण पुढच्या आठवड्यात मुलुंडला लग्न होतं, एसी हॉलमध्ये. मी गेले नव्हते. तिथून सुनेचा, प्राजक्ताचा फोन.

"आई, काका तुमच्याबद्दल बोलायला लागले ना, तर असे खोकले की दोघांनी धरून बाहेर नेलं. आणि सगळ्या बायका विचारतायत, मिरच्या कोण जाळतंय. मलाही आला वास. आई, तुम्ही काय केलंत?"

"मी इथे पेज पितेय गं."

मग हे होतच राहिलं. एक्स-रे स्वच्छ, रक्त स्वच्छ. क्रिकेटवर बोला, राजकारणावर बोला, गळा झकास. माझ्या दुखण्याची गोष्ट निघाली की वाट लागली. आजूबाजूच्या प्रत्येकाला मिरची जळल्याचा वास... मला मात्र एकदाही आला नाही.

खोटं कशाला बोलू, मी मजा घेतली. केमोनंतर आडवी पडलेली असताना फोन लावायचे. "काय भाऊजी, चाळीत काय सांगत होतात माझ्याबद्दल? मलाही सांगा ना." पलीकडून खोकला सुरू झाला की फोन छातीवर ठेवून ऐकायचे. ज्या बाजूला आता काही नाही, त्या बाजूला.

शेवटी ते आलेच. माझ्या खुर्चीसमोर स्टुलावर बसले. निम्मे झाले होते.

"वहिनी, काढा हे. पाया पडतो."

काय काढणार, कपाळ? मला काय माहीत ते कसं काढतात. पण मी शांतपणे म्हटलं, "ज्या ज्या दारात बोललात ना, त्या प्रत्येक दारात जाऊन सांगा की खोटं बोललो. मग बघू."

गेले. शकूला मी मागोमाग पाठवलं होतं. ती म्हणाली, दारादारात "मी खोटं बोललो" म्हणताना त्यांना एकदाही खोकला आला नाही. गिऱ्हाइकं परत आली. गाळा राहिला, मीही राहिले. विकायची गोष्ट त्यांनी पुन्हा काढलेली नाही.

कोणी म्हणतं, मनाचा खेळ. असेलही. पण मग हॉलभर बायकांना वास कसा आला? मला सांगता येत नाही.

भाऊजी आजही सणाला येतात. मधूनच विचारतात, "वहिनी, पूर्ण काढलंत ना ते?" मी वाटीत आमटी वाढते आणि म्हणते, "बघू."