आरामखुर्चीतला कोरडा गोल

वडील गेल्यावर त्यांची सागवानी आरामखुर्ची मी विजय नगरच्या आमच्या गच्चीवर घासून काढली. आईला थिनरचा वास सोसत नाही, म्हणून स्प्रेगनने वॉटर-बेस पॉलिश मारलं. ते सगळीकडे नीट बसलं. फक्त डोकं टेकायच्या जागेवरून मागे सरलं आणि तिथे डोक्याएवढा कोरडा गोल राहिला. इतक्या वर्षांचं त्यांचं खोबरेल लाकडात मुरलं होतं. पुन्हा घासून मारलं, तरी गोल उमटलाच.

जिन्यातून बघत असलेली आई म्हणाली, "काहून पुसून राहिला रे त्यांना?"

दुसऱ्या दिवशी मी त्या जागी तेल अडवायला आधी लाखेचा हात दिला, तेव्हा पॉलिश धरलं. खुर्ची आता बैठकीत आहे. तिच्यासमोरून जाताना, कोणीतरी पाय पसरून बसलं असावं तसा, मी अंग चोरून जातो.