चहाआधीची नळी

माझ्या सुमनमावशीवर अन्याय झाला तो गेल्या मंगळवारी, सकाळी सव्वाअकराला. डोक्यावर चुंबकाचे ठोके देऊन नैराश्य कमी करण्याच्या एका अभ्यासातून तिचं नाव खोडलं गेलं.

ताणाचं हार्मोन मोजायला तीन दिवस जाग येताच, काही चाखण्याआधी, थुंकी नळीत घ्यायची होती. मावशीनं तिन्ही नळ्यांवर खरं तेच लिहिलं होतं: चहानंतर. तिन्ही बाद.

"ताई, उठल्यावर पाच मिनिटंही मिळाली नाहीत?" अभ्यासाच्या डॉक्टरबाईंनी विचारलं.

"अहो, डोळे उघडायच्या आत सासऱ्यांची हाक येते. साखर चाखूनच कप द्यायचा, नाहीतर तो भिंतीवर. भिंतीला विचारा, माझ्यापेक्षा जास्त चहा प्यायलीय."

मावशी एकटीच हसली. मोर्च्यात घसा फोडणारी मी त्या बोटाएवढ्या नळ्यांकडे बघत राहिले. पहिल्यांदाच कुणीतरी मावशीची सकाळ मावशीसाठी मागितली होती, आणि द्यायला ती तिच्याकडे नव्हतीच. किती बायकांचा ताण असा मोजण्याआधीच बाद होत असेल?

"जाऊ दे गं, माझ्या जागी दुसऱ्या कुणाचं तरी भलं होईल," जिना उतरताना ती म्हणाली.

तुमच्या घरात जी सगळ्यांत आधी उठते, उद्या तिच्याआधी उठा.