कवठाचा तराजू आणि बाबाची दाढ

माझ्या बापाच्या तोंडात मी एकदा किडे शोधले होते. भर दुपारी, तो बाजेवर घोरत पडला असताना. बापाला अरेतुरे केलं म्हणून नातवाने आत्ताच भुवया चढवल्या. तोच हे लिहून घेतोय. पुण्याला शिकून आलाय, तेव्हा मी 'मले' म्हटलं की तो 'मला' लिहितो. लिहू दे बापडा. मुलांना वळण कसं लावावं, यावर त्याला माझ्याकडून काहीतरी शहाणपणाचं हवंय. माझ्याकडे आहे ते एवढंच.

आमचं गाव अकोल्यापासून बंडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. तेव्हा साता समुद्रापलीकडे कुठेतरी गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली होती आणि तिच्यापायी आमच्या कापसाला सोन्याचं मोल आलं होतं. कोण लढतंय, कशासाठी लढतंय, गावात कोणाला ठाऊक नव्हतं. ती लवकर मिटू नये, एवढं मात्र सगळ्यांना वाटायचं. लोकांच्या अंगात नुसतं वारं शिरलं होतं. एकाने तर बंडीच्या चाकांना चांदीची पट्टी ठोकली. ती बंडी निघाली की आम्ही पोरं चाकोरीतल्या धुळीत बसून चांदीचा कीस शोधायचो. सापडलं कधीच नाही, पण आईचा मार रोज मिळायचा.

खेळणी आमची आम्हीच करायचो. ज्वारीच्या धांड्याची बंडी, बाभळीच्या काट्यांनी जोडलेली. नाल्याच्या मातीचे बैल. आणि या सगळ्यात मोठी दौलत म्हणजे तराजू. तो बापाने स्वतः करून दिला होता. एक कवठ बरोबर मधोमध फोडून दोन पारडी, तुराटीची दांडी, अंबाडीची दोरी. दांडी डोळ्यांसमोर धरून, पारड्यांच्या कडा दगडावर घासघासून त्याने तो काटा असा सरळ केला होता की माशी बसली तरी पारडं झुकावं. मी आठ वर्षांची, भाऊ सहाचा. तो व्यापारी, मी शेतकरीण. मी कापूस विकायचा, त्याने मोबदल्यात बोरं द्यायची.

एकदा मी कापसाच्या पारड्याला खालून ओल्या मातीचा गोळा चिकटवला आणि भावाची सगळी बोरं उकळली. तो रडत बापाकडे गेला. बापाने तराजू उलटा करून पाहिला आणि विचारलं, "हे कोनं केलं?"

"मले नाई मालूम," मी म्हटलं.

"खोट्याच्या तोंडात किडे पडतात, समजलं? आ कर."

मी आ केला. त्याने हनुवटी धरून, उजेडाकडे वळवून, अगदी वैद्यासारखं आत पाहिलं. "सध्या तर नाई दिसत," म्हणाला. "पन येतीन. खेळातबी लबाडी कराची नाई." बोरं परत द्यावी लागली. त्यातली चार मी खाल्ली होती, तीही दुसऱ्या दिवशी बोरीखाली जाऊन वेचून दिली. त्या रात्री जीभ दातांवरून फिरवत मी किती वेळ जागी होते!

बापाला तसं बोलायचा हक्क होता. अकोल्याचा व्यापारी घोड्यावरून गावात यायचा, तेव्हा प्रत्येकाच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून बघायचा, कारण कापसाला भाव आला तशी लोकांना अक्कलही आली होती. कोणी आत सरकी घालायचा, कोणी माती. आमच्या पोत्यांत मात्र तो हात घालत नसे. बाप ही गोष्ट कधी बोलून दाखवायचा नाही, पण व्यापारी आला की पागोटं नीट बांधायचा.

आणि एका सकाळी मी उठून बाहेर आले तर बाप अंगणात घागर घेऊन उभा. पोत्यांची तोंडं उघडी, आणि तो ओंजळी-ओंजळीने आत पाणी मारत होता.

"बाबा, काय करून राहिले?"

तो दचकला. "काई नाई. कापसाले तहान लागली."

पौषाच्या थंडीत कापसाला तहान! मी चुलीपाशी गेले आणि आईला विचारलं. आई भाकरी थापत होती. ती थापायची त्याहून जोराने तिने थापली.

"तहान नाई व, वजन पाहिजे तुह्या बापाले," ती म्हणाली. "सगळे करून राहिले म्हने, आपनच कावून मागं राहाव!"

म्हणजे बाप खोटं बोलला होता. मला रागबिग काही आला नाही. आता याच्या तोंडात किडे पडणार! दुपारी तो झोपला, तोंड उघडं होतंच. मी कडब्याचं एक धसकट घेतलं, बाजेवर वाकले आणि आत पाहिलं. आणि देवा रे! मागच्या दाढेत काळंकुट्ट भोक. किड्यांनी सुरुवात केली होती!

धसकट टाळूला लागलं असावं. बाप खोकत उठला. "काय करून राहिली व?"

"दात मोजून राहिली होती," मी म्हटलं आणि पळाले.

भीती वाटत होती, खरं सांगते. पण भावाने टोपीभर बोरं आणली होती आणि बोरांपुढे माझी भीती कधी टिकली नाही. आम्ही निंबाखाली तराजू मांडला. मग मला वाटलं, मातीचा गोळा नको तर नको. पाणी मारायला कोण नको म्हणतं? घरातलं मोठं माणूस तेच तर करतं! मी कापसावर ओंजळभर पाणी मारलं. पारडं जे खाली गेलं ते वर येईना.

तेवढ्यात व्यापारी आला. बाजेवर बसला, गूळपाणी घेतलं आणि आपल्या माणसाला म्हणाला, "या घरच्या पोत्यात हात घालाचं काम नाई. सीधा तोल." बाप पागोट्याशी चाळा करत उभा होता.

आणि माझ्या भावाने गळा काढला, "कापसावर पानी टाकते हेऽऽ!"

व्यापारी हसला. "कावून व पोरी, पानी कावून टाकते?"

मी बापाकडे पाहिलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. मी आठ वर्षांची असले तरी एवढं मला कळलं, की खरं सांगितलं तर आजपासून हा माणूस आमच्या पोत्यांत हात घालणार. आणि खोटं बोलले तर किडे. म्हटलं, बाबाला एक दाढ पुरे झाली, बाकीचे माझ्या तोंडात पडोत.

"कापसाले तहान लागली," मी म्हटलं.

व्यापारी पोट धरून हसला. त्याच्या माणसाने पहिलं पोतं काट्याकडे ओढलं. आणि बाप म्हणाला, "थांब. शेटजी, तोलू नका. कापूस ओला हाय. सकाळी म्याच पानी मारलं."

व्यापाऱ्याचं हसू गेलं. तो उठला, पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, बाहेर काढून ओली बोटं पाहिली.

"तुमीबी?" एवढंच म्हणाला आणि घोड्यावर बसून गेला.

कापूस आम्ही अंगणभर पसरून वाळवला. व्यापारी चार दिवसांनी आला आणि प्रत्येक पोत्यात हात घालून मगच तोलला. पुढले दोन हंगाम तो तसंच करत राहिला. बाप बाजूला उभा राहून बघायचा.

पण त्या दिवशी, व्यापारी गेल्यावर, त्याने मला हाक मारली. मला वाटलं, आता पाठ सोलतो. त्याने मला समोर बसवलं.

"आ कर."

मी डोळे गच्च मिटून आ केला. त्याने हनुवटी धरून बराच वेळ पाहिलं.

"एकबी नाई," तो म्हणाला. मग स्वतःच खाली वाकला आणि तोंड उघडलं. "आता माह्या तोंडात पाह्य."

मी पाहिलं. दाढ होती तशीच काळी होती, भोक मघापेक्षा मोठं वाटत होतं. बाप तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत होता, आणि त्याचे डोळे भरले होते.

"नाई बाबा," मी म्हटलं. "एकबी नाई."

एका दिवसात हे माझं दुसरं खोटं. धसकटाचं धरलं तर तिसरं. नातू विचारतो, यातून मुलांनी घ्यायचं काय? ते त्याचं त्याने ठरवावं. माझे दात या वयातही सगळे शाबूत आहेत.