मास्तरांनी चार बोटांत मोजलेला प्रवास

आमच्या नाटक कंपनीच्या मास्तरांनी चाळीस वर्षं मला राजा केलं. मी मुकुट घालून मिरवायचो, पण खांदे भरदार दिसायचे ते त्यांनी आत भरलेल्या कापसामुळे! हाडाचे शिंपी. बायको लवकर गेली. एकुलती एक लेक कपडेपटातल्या गठ्ठ्यांवर झोपून वाढली. ती शिकली, दूरदेशी राजधानीत नोकरीला लागली आणि आता लग्न करत होती. शनिवारी दुपारी चारला, तिथल्या सरकारी कचेरीत. लग्नाचा पोशाख बाबांनीच शिवायचा आणि स्वतः घेऊन यायचा, एवढाच तिचा हट्ट.

मास्तरांचा नियम असा, की काम पुरं झाल्याशिवाय तिकीट काढायचं नाही. कंपनीतही कपडे तयार नसतील तर ते प्रयोगाची जाहिरात लावू देत नसत.

शुक्रवारी सकाळी गेलो, तर मशीन धडधडतंय आणि बाह्या अजून टेबलावर.

"मास्तर, विमान कधीचं?"

"उद्या सकाळी सहाचं काढतो. तीन तासांत तिथं. जेवून एक डुलकीही होईल, राजे."

"तीन तास? कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? मोजलं!" त्यांनी कोपऱ्यातल्या पृथ्वीच्या गोलावर हात ठेवला. "आपल्यापासून समुद्रकिनारा दोन बोटं, विमानाला दीड तास. लेकीची राजधानी चार बोटं. करा हिशेब!"

तो गोल आमच्या नाटकातला. दर्यावर्दी राजा झालेला मी आपल्या आणि त्या दूरदेशीच्या, दोन्ही राजधान्यांवर एकदम बोटं ठेवून गर्जायचो. शेवटच्या रांगेलाही दिसावं म्हणून मीच रंगाऱ्याकडून त्या शेजारी शेजारी काढून घेतल्या होत्या. मधला अख्खा समुद्र गाळून!

माझी सून विमानांच्या तिकिटांचं काम करते. तिला स्पीकरवर फोन लावला.

"बाबा, चेष्टा करताय का? अकरा हजार किलोमीटर आहे ते! चौदा तास उडायचं, वर तिथलं घड्याळ सहा तास पुढे. उद्या निघाले तर रविवार उजाडेल. आज संध्याकाळी सहाचं एकच विमान आहे."

मास्तरांनी टेबलावरच्या बाह्या उचलल्या. "पण बाह्या..."

"बसतील बाह्या! तिकीट काढ गं पोरी!" इतक्या वर्षांनी माझा आवाज पुन्हा शेवटच्या रांगेपर्यंत गेला असेल.

मग काय विचारता! मास्तर बाह्यांवर, मी हुकांवर.

"राजे, हुक लावताय की तलवार चालवताय?"

"गप्प बसा आणि मशीन हाणा!"

दुसऱ्या बाहीची दुमड टॅक्सीत पुरी झाली. विमानतळाच्या दारातून ते पोशाख छातीशी धरून आत धावले, मागे वळून न बघता.

शनिवारी सकाळी सव्वादहाला, म्हणजे तिथल्या सव्वाचारला, फोन वाजला.

"राजे, दोनलाच पोचलो! पण पोशाख कंबरेत इंचभर सैल झाला हो. सहा वर्षांत मी तिचं माप घेतलंच नव्हतं. बारीक झालीय पोर."

"अहो, मग लग्न?"

मागून लेक हसत ओरडली, "काका, लग्न नोंदवणारे साहेब पेन उघडून बसलेत आणि बाबा मला हलू देत नाहीत!"

"थांब गं, शेवटचा टाका," असं म्हणत मास्तरांनी फोन बाजूला ठेवला.

मी फोन कानाशी धरून ऐकत राहिलो. थोड्या वेळानं तिकडे टाळ्या वाजल्या. इकडे मी एकटाच खुर्चीतून उठून उभा राहिलो आणि हात दुखेपर्यंत टाळ्या पिटल्या.