शक्ती पंधराव्या वर्षी येते

मंडळी, आज पाचोडजवळच्या एका शाळेत माझ्या कादंबऱ्यांवर बोलायला गेले होते. त्या कादंबऱ्यांतल्या मुलांना पंधरावं लागलं की गुप्त शक्ती मिळते. कुणी उडतं, कुणी भिंतीच्या आरपार जातं.

नववीतली एक मुलगी उठली. हातात माझंच पुस्तक, वाचून वाचून पानं सुटलेली.

"मॅडम, चौदाव्या वर्षी नाय का येत शक्ती?"

"नाही गं. एक वर्ष थांब की," मी हसत म्हणाले.

"माझी सुपारी फुटली. परीक्षा झाली की लगीन हाय."

वर्गात कुणालाच नवल वाटलं नाही. हेडसर माझ्या कानाशी आले. "आमच्याकडं व्हतं असं. तुम्ही पुस्तकाचं बोला."

आणि मी अर्धा तास पुस्तकाचंच बोलले. निघताना तिनं सही मागितली, तीही घाईत ठोकली.

घरी संभाजीनगरला आल्यावर राहवेना. तक्रार करायला हेल्पलाइनला फोन लावला. त्यांनी पहिलंच विचारलं, मुलीचं नाव काय?

मी ते विचारलंच नव्हतं. हेडसर आता फोन उचलत नाहीत.

तुमच्यात पाचोडकडचं कुणी आहे का?