आमसुलं, ऊन आणि माझी धाकटी जाऊ

मे महिन्यात कोकणात जाऊ नये, असं सगळे सांगतात. मी गेले, कारण सासूबाई फोनवर म्हणाल्या, "सवितासारखी आमसुलं कुणाला जमत नाहीत." सविता माझी धाकटी जाऊ. ती रेवदंड्याला सासूबाईंजवळ राहते, मी पुण्यात. थोरली मी आणि कौतुक तिचं! लगेच बॅग भरली.

पुण्याहून अलिबागची सकाळची एसटी धरा, ऊन तरी कमी लागतं. पुढे रेवदंड्याला शेअर रिक्षा मिळते. वाटेत बाथरूमची पंचाईत, म्हणून मी नेहमीप्रमाणे घोटभरच पाणी प्यायले. बीपीची गोळी मात्र न चुकता घेतली. पोचले तर अंगणभर रातांब्याची सालं वाळत घातलेली. सविताने सरबत पुढे केलं. ते छान झालं होतं, म्हणून अर्धंच प्यायले.

दुसऱ्या दिवशी सविताने सकाळीच सालं आगळात, म्हणजे रातांब्याच्या खारवलेल्या रसात, बुडवून पसरली आणि ऊन चढताच ती घरात आली. भर दुपारी बाई पंख्याखाली पेज पीत बसलेली. मला वाटलं, हीच संधी आहे. सालं उलटायला मी बोडक्या डोक्याने अंगणात उतरले. सासूबाई ओसरीवरून बघत होत्या, म्हणून तर उतरले. आधी डोकं ठणकलं, मग पोटऱ्यांत गोळे आले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली.

सविताने मला सावलीत ओढलं, मानेवर आणि काखेत ओली फडकी ठेवली, शुद्धीवर आहे बघून मीठ-साखरेचं पाणी घोटघोट पाजलं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई रागावल्या. माझी गोळी लघवीवाटे पाणी काढते आणि मी वर पाणीही तोडलेलं. उन्हाळ्यात गोळीचं काय करायचं ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, आपल्या मनाने बंद करू नका, असं त्यांनी बजावलं.

संध्याकाळभर सासूबाई माझ्या उशाशी होत्या. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. त्या दिवा लावायला उठल्या तेव्हा सविता हळूच म्हणाली, "ताई, तुमचा हेवा वाटतो बघा. गेल्या साली मी पन अशीच पडले व्हते. आई म्हनल्या, आधी सालं आत घे. तवापास्नं दुपारची मी उन्हात जात न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सालं दोघींनी मिळून पसरली. संध्याकाळी किल्ल्याच्या बाजूने समुद्रावर गेलो, पाण्याची बाटली घेऊन.

आता पुण्यात माझ्या डब्यात तिची आमसुलं आहेत. सासूबाई रोज फोन करतात, पाणी प्यायलीस का विचारतात. काल न राहवून मी म्हटलं, "सविता पडली होती, तेव्हा तिला विचारलं होतंत?"

फोन बाजूला धरून त्यांनी हाक मारली, "सविता, आत ये गं बाय. ऊन झालं."

इतक्या मायेने त्यांनी मला कधी हाक मारलेली नाही. आणि एवढं सगळं होऊनही, मला तिचा हेवा वाटलाच.